पाच वर्षांच्या मुलाच्या हातून चित्रांचं पुस्तक काढून घेऊ नका

पालकांमध्ये सध्या एक संदेश भराभर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: चित्रांच्या पुस्तकांमुळे मुलं आळशी होतात. आयती चित्रं मिळाल्यानं त्यांची कल्पनाशक्ती खुंटते, पानावर दोनच ओळी असल्यानं शब्दसंपदा वाढत नाही, आणि अक्षरं न वाचता चित्रावरून अंदाज ठोकायची सवय लागते. म्हणून पाच वर्षं झाली की ही पुस्तकं बंद.

कल्पनाशक्तीचं आधी बघू, कारण मूळ गैरसमज तिथे आहे. मजकुरात जे असतं तेच चित्रात पुन्हा दाखवलेलं असतं, असं यात धरून चाललेलं आहे. चांगल्या चित्रपुस्तकात तसं नसतं. पॅट हचिन्स यांचं १९६८ सालचं ‘रोझीज वॉक’ घ्या. अख्ख्या पुस्तकात अवघे ३२ इंग्रजी शब्द, तेही एकाच वाक्यात: कोंबडी फिरायला निघते, तळ्याला वळसा घालते, गवताच्या गंजीवरून जाते आणि जेवायच्या वेळेला घरी परतते. मजकुरात कोल्ह्याचं नावही नाही. तो आहे फक्त चित्रांत, कोंबडीच्या मागावर. एकदा झेप घेतो तर दाताळ्याचा दांडा तोंडावर आपटतो, पुढे थेट तळ्यात पडतो. ते दाताळं आधीच्या चित्रात जमिनीवर पडलेलं असतं. ते हेरलेलं मूल पान उलटायच्या आतच ‘आता लागणार!’ म्हणून ओरडतं. कोंबडीला ज्याचा पत्ता नाही ते आपल्याला माहीत आहे, हे त्याला उमगलेलं असतं. गोष्टीचा निम्मा भाग त्यानं स्वतः जुळवलेला असतो. याला आयतं कसं म्हणायचं?

शब्दांचा मुद्दा तर साफ उलटा आहे. जेसिका मॉन्टॅग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १०० इंग्रजी चित्रपुस्तकांतली भाषा आणि मोठी माणसं लहान मुलांशी बोलतात ती भाषा ताडून पाहिली. तेवढ्याच लांबीच्या मजकुरात वेगवेगळे शब्द पुस्तकांत जास्त निघाले. साहजिकच आहे. घरातलं बोलणं जेव, झोप, हात धू यांभोवती फिरतं. पुस्तकात समुद्र येतो, वादळ येतं, कुणीतरी रुसून बसतं.

अंदाज ठोकण्याच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. वाचून दाखवताना मुलांची नजर बहुतेक वेळ चित्रावरच असते. नुकतं वाचू लागलेल्या मुलाच्या पुस्तकात गोष्टीशी संबंध नसलेली सजावट भरली, तर त्याचं लक्ष फाटतं आणि समजायला अडचण येते. पण हा पुरावा मूल स्वतः अक्षरं लावत वाचतं त्या पुस्तकांबद्दलचा आहे. ती साधी ठेवा. वाचून दाखवायच्या पुस्तकात गरज असते ती फक्त मधूनमधून शब्दांखाली बोट फिरवण्याची. तेवढ्यानंही मुलं अक्षरांकडे बघू लागतात.

राहिली पाच वर्षांची मर्यादा. तिला आधार काहीच दिलेला नाही. त्या वयात मुलाला ऐकून जेवढं कळतं, तेवढं स्वतः वाचता यायला अजून काही वर्षं जायची असतात. नेमक्या त्याच काळात चित्रपुस्तक बंद केलं, तर त्याच्या हाती उरतात फक्त ‘कमल बघ, घर बघ’ छापाची वाक्यं, आणि तेवढ्यावर पुस्तकाची ओढ लागत नाही.