पंख्याखालचा दिवा आणि बिचारा कंडेन्सर

‘पंख्याखालचा दिवा लुकलुकतोय? कंडेन्सर बदला, पाच मिनिटांचं काम. बटण बंद करूनही दिवा मिणमिणतो? भिंतीत करंट उतरलाय. टेस्टर लागला म्हणजे पुरवठा ठीक, दिवाच गेलाय. निळी तार नेहमी दिव्याची. बटण बंद केलं की कुठेही बिनधास्त हात घाला.’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या या मजकुरातल्या पाच सल्ल्यांपैकी पहिला पैसे वाया घालवतो. शेवटचा जीव घेऊ शकतो.

आधी कंडेन्सर. साध्या एसी पंख्यात तो मोटरच्या दुसऱ्या वाइंडिंगसाठी (तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यासाठी) असतो. तो अशक्त झाला की पंखा हळू फिरतो. पूर्ण गेला की मोटर नुसती घुमते, पात्याला हाताने ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. दिव्याची वाट वेगळी आहे. त्याचे फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) छताजवळच्या, जोडणी झाकणाऱ्या कपातूनच फुटून निघतात आणि थेट होल्डरला जातात. मध्ये कंडेन्सर कुठेच येत नाही. बीएलडीसी पंख्यात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या वीजबचतीच्या पंख्यात, तर हा कंडेन्सर शोधूनही सापडायचा नाही. मग ‘आमच्याकडे कंडेन्सर बदलला आणि दिवा लागला’ म्हणणारे थापा मारतात का? मुळीच नाही. कंडेन्सर बदलायला झाकण उघडलं, तारा हलल्या, सैल झालेला कनेक्टर पुन्हा आवळला गेला. काम केलं स्क्रू ड्रायव्हरने, नाव झालं कंडेन्सरचं.

लुकलुकण्याचं कारण शोधायचं तर आधी पंखा बंद करून नुसता दिवा लावून बघा. तेव्हा तो स्थिर असेल आणि पंखा फिरायला लागल्यावर लुकलुकत असेल, तर संशय थरथरीवर घ्यायचा. पंखा सतत हलणारी वस्तू आहे, त्यामुळे बल्ब सैल होतो, कनेक्टर ढिले पडतात. वीज तोडून बल्ब काढा आणि होल्डरच्या आत डोकावा. आट्यांच्या होल्डरच्या तळाशी पितळेची छोटी जीभ असते. बल्ब फार आवळून बसवला की ती चपटी होते आणि बल्बच्या टोकाला जेमतेम टेकते. टेकते तिथे ठिणगी पडून काळा डाग धरतो. मेन बंद असताना ती किंचित वर उचलली तरी पुष्कळदा काम भागतं. होल्डरच करपला असेल तर मात्र बदलावाच लागतो.

लुकलुकणं पंख्याच्या वेगाबरोबर बदलत असेल तर दिव्याची जोडणी रेग्युलेटरच्या नंतर घेतलेली असण्याची शक्यता दाट. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लहरीचा काही भाग कापून टाकतो. मोटर ते चालवून घेते, एलईडीच्या ड्रायव्हरला (बल्बमधल्या वीज पुरवणाऱ्या सर्किटला) ते झेपत नाही. दिव्याचा फेज रेग्युलेटरच्या आधी घेतला की प्रश्न मिटतो. आणि दिवा पंख्याखाली नसून पात्यांच्या वर, छतात असेल, तर दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. ती पात्यांची सावली आहे!

दिवा काही मिनिटं नीट जळून विझतो आणि थंड झाल्यावर पुन्हा लागतो, ही तऱ्हा वेगळी. बंद काचेच्या गोळ्यात एलईडीची उष्णता कोंडते आणि ड्रायव्हर मान टाकतो. बंद गोळ्यासाठी चालणारा बल्ब घ्यावा, नाहीतर गोळा तरी उघडा ठेवावा.

‘भिंतीत करंट उतरलाय’ हा सल्ला अर्धवट आहे, म्हणून जास्त फसवा. बटणात छोटा इंडिकेटर दिवा असेल किंवा दोन तारा लांबवर शेजारी शेजारी धावत असतील, तर बटण बंद असतानाही अगदी किरकोळ करंट दिव्यापर्यंत पोचतो. जुन्या तारेच्या बल्बला त्याचा पत्ताही लागत नसे. एलईडी मात्र त्यावर मिणमिणतो किंवा थोड्या थोड्या वेळाने एकदा चमकतो. यात भिंतीचा काही दोष नाही. पण एक शक्यता तपासलीच पाहिजे: बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असणं. तेव्हाही दिवा मिणमिणतो आणि बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज जिवंत असतो.

टेस्टरवर लोकांचा भाबडा विश्वास आहे. त्याचा निऑन दिवा पेटायला नगण्य करंट पुरतो, त्यामुळे तो फक्त फेज आला एवढंच सांगतो. न्यूट्रल तुटला असला तरी टेस्टर लागतोच. उलट बल्ब बसवलेला, बटण चालू आणि कपातल्या कनेक्टरच्या दोन्ही तारांवर टेस्टर लागत असेल, तर न्यूट्रलच तुटलाय असं समजावं. खात्री करायची तर मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रलमधला दाब (व्होल्टेज) मोजायचा. हे चालू लाइनवरचं काम आहे, सवय नसेल त्याने वायरमनला बोलवावं.

निळ्या तारेचा सल्ला अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या पंख्यांवरून आलाय. तिथे पंख्यातून निघणारी निळी तार बहुधा दिव्याची असते. आंतरराष्ट्रीय आयईसी मानक पाळणाऱ्या देशांत निळा रंग न्यूट्रलचा. एकीकडचा नियम दुसरीकडे लावला तर दिव्याचा फेज सरळ न्यूट्रलला जोडला जाईल आणि एमसीबी (मेन बोर्डातला आपोआप पडणारा खटका) पडेल. रंगावर विसंबू नका, पंख्यासोबत आलेला आराखडा बघा.

राहिलं बटण. दिव्याचं बटण बंद केल्याने पंख्याचा फेज बंद होत नाही, आणि दोन्ही तारा एकाच कपात असतात. रिमोटने बंद केलेल्या पंख्यात तर रिसीव्हरपर्यंत वीज तशीच उभी असते. त्या खोलीचा एमसीबी पाडा, तो दुसरं कुणी चढवणार नाही हे बघा, पाती पूर्ण थांबू द्या. मग टेस्टर आधी दुसऱ्या चालू सॉकेटवर लावून तो चालतोय ना ते पाहा, नंतर कपातल्या प्रत्येक तारेवर लावा, आणि शेवटी पुन्हा त्या सॉकेटवर. मधल्या वेळी एका जरी तारेवर तो लागला, तर शिडीवरून खाली उतरा.