निवेदन कोणालाही द्या, फोटो नीट काढा

गल्लीतली गटारलाइन फुटलीय? छान. आता एक खणखणीत निवेदन टाइप करून घ्या आणि थेट खासदारांना नेऊन द्या. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन याद्या आहेत, संरक्षण, रेल्वे, चलन हे संघ सूचीत येतात आणि महापालिकांसारख्या स्थानिक संस्था राज्य सूचीच्या पाचव्या नोंदीत, असलं काही कुणी बोलू लागलं तर "जास्त शिकला का बे?" एवढंच विचारा. तो गप्प बसेल. गटार वाहतच राहील, पण फोटो तर येईल ग्रुपवर! कागद दोन्ही हातांनी धरा आणि कॅमेऱ्याकडे बघा, कागदाकडे नको.

रस्त्याचंही तेच. खड्डा दिसला की "सरकार झोपलंय" लिहायचं आणि मोकळं व्हायचं. कोणतं सरकार, हे विचारायचं नाही. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, राज्य महामार्ग राज्याचा, गल्लीबोळ महापालिकेचे आणि लेआउट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) काळातला असेल तर राम भरोसे. कडेच्या मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, इतकं ते सोपं आहे. पण आपल्याकडच्या दगडांवर खर्रा थुंकून थुंकून पिवळं काय नि हिरवं काय, सगळं एकच.

राज्यपालांनाही एक प्रत टाकाच. कलम १६३ प्रमाणे ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणजे तुमचा कागद शहर फिरून त्याच टेबलावर येईल.

मग डिसेंबरची वाट बघा. १९५३ च्या नागपूर कराराची कृपा, वर्षातून एकदा सगळं विधिमंडळ आपल्या दारात येतं. यशवंत स्टेडियमवरून मोर्चा काढा, बॅरिकेडपाशी घसा बसवून घ्या आणि आमदाराला ठणकावून सांगा, "उद्या डांबर पडलं पाहिजे." आमदार अभियंत्याला आदेश देऊ शकत नाही, तो मंत्र्याला सभागृहात जाब विचारू शकतो, हा फालतू तपशील आहे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्नही येतात. पण त्याची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते. म्हणजे तारखा, फोटो, कामाच्या आदेशाचा क्रमांक हे सगळं आमदाराच्या हातात दिवाळीच्या आसपासच पडायला हवं. दिवाळीत कोण करतं हो ही कामं? त्यापेक्षा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी जा.

जीआर निघाला की "कायदा झाला" म्हणून संत्रा बर्फी वाटा. एका सहीने निघालेला जीआर दुसऱ्या सहीने मागे जातो, ते नंतर बघू.

आणि काहीच जमलं नाही तर कोर्ट आहेच! सिव्हिल लाइन्सला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, संविधानाचं कलम २२६ आहे, ठोका रिट याचिका. फक्त पोच घेऊ नका. न्यायालयाने एखाद्या कार्यालयाला काम करायला भाग पाडावं असं वाटत असेल तर साधारणपणे आधी त्या कार्यालयाकडे लेखी मागणी केलेली असावी लागते आणि त्यांनी ती नाकारलेली किंवा दाबून ठेवलेली असावी लागते. पहिलाच प्रश्न येतो, "निवेदन दिलं होतं का? पोच कुठे आहे?" तेव्हा मोबाइल काढून ग्रुपवरचा फोटो दाखवा. न्यायमूर्ती प्रसन्न होतील.

आता शेवटचा सल्ला, माहिती अधिकाराचा. दीडशे शब्दांत एकच विषय लिहा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, अर्ज द्या आणि थांबा. तो परत येईल. वर जांभळ्या शाईचा तिरपा शिक्का असेल: "या कार्यालयाशी संबंधित नाही." मग कोणाशी संबंधित? ते लिहिलेलं नसेल. हा शिक्का जपून ठेवा, फ्रेम करा, कारण भारतीय राज्यव्यवस्थेचं इतकं संक्षिप्त दर्शन दुसरीकडे मिळायचं नाही. संसदेने २००५ साली कायदा केला. कलम ६(३) सांगतं की अर्ज चुकीच्या कार्यालयात आला तर त्यानेच तो योग्य कार्यालयाकडे पाठवायचा, पाच दिवसांच्या आत, आणि अर्जदाराला तसं कळवायचं. अर्ज परत करण्याची सोय त्या कलमात नाही. पण टेबलामागचा माणूस पाच दिवसांचं कलम मनातल्या मनात रद्द करतो, म्हणजे तो संसद झाला. अर्ज परत धाडतो, म्हणजे कार्यपालिका झाला. आणि "तुमचाच अर्ज चुकला" असा निकालही देतो, म्हणजे न्यायालय झाला. संविधानाचं कलम ५० न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी ठेवायला सांगतं, इथे तिन्ही एका खुर्चीत, दुपारी दीड ते अडीच जेवणाची सुटी. महिनाभर घासून लिहिलेला अर्ज त्या शिक्क्याने दोन सेकंदांत मेला, आणि शिक्का मारणाऱ्याने मान वर करून बघितलंही नाही.

पुरे झाली थट्टा. २०१७ ला निवडून आलेल्या नागपूर महापालिकेची मुदत २०२२ ला संपली. संविधानाच्या कलम २४३यू प्रमाणे त्याआधीच निवडणूक व्हायला हवी होती. झाली नाही. नगरसेवक नाहीत, सभागृह बंद, प्रशासक एकटा कारभार बघतोय, असं २०२६ उजाडेपर्यंत चाललं. तुमच्यातल्या किती जणांनी त्यावर एक ओळ लिहिली? गटार तुंबलं की तेवढं संविधान आठवतं. आपला वॉर्ड कोणता हे माहीत नाही, झोनचं ऑफिस कुठे आहे ते माहीत नाही, आणि चर्चा करता राष्ट्रपती राजवटीची! माहिती अधिकाराचा अर्ज परत आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा, तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे, मुंबईचं तिकीट काढावं लागत नाही. दंड रोजचे २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, आणि तो त्या अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही, चारही असल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

आणि साहेब, तुम्हीही वाचत असाल तर ऐका. पाच दिवस लिहिलेत कायद्यात. पाचपर्यंत मोजता येतं ना?