शह, मात आणि ३५४ रुपये

माझी सही माझी नाही, असं मला गेल्या आठवड्यात बँकेने कळवलं. मेसेज करून कळवलं, आणि पाठोपाठ दुसरा मेसेज की कळवण्याचे ३०० रुपये अधिक जीएसटी मिळून ३५४ रुपये खात्यातून कापलेत. खात्यात पैसे होते, हे आधीच सांगून ठेवतो, भरपूर होते असं नाही पण मेंटेनन्सच्या चेकपुरते नक्की होते. हे सांगायचं कारण म्हणजे आमच्या सेक्रेटरींनी सोसायटीच्या बोर्डवर नुसतं 'चेक बाऊन्स - बी ४०३' एवढंच लिहून लावलंय, आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघून हळूच हसतात. तळमजल्यावरच्या काकू तर म्हणाल्या, काही लागलं तर संकोच करू नका हं. आता काय सांगू, सही लागतेय म्हणून?

मग ऑनलाइन का नाही भरत, असं मुलगा रोज विचारतो. कारण सेक्रेटरींना चेकच लागतो. ऑडिटला बरं पडतं म्हणे. ऑडिट वर्षातून एकदा, पण माझी अब्रू दर महिन्याला.

तर अर्धी रजा टाकून बँकेत गेलो. अंगात चेक्सचा शर्ट होता, हे नंतर उपयोगी पडणार आहे म्हणून लिहून ठेवतो. काउंटरवर एक पंचविशीतली मुलगी. मी नुकताच सत्तेचाळीस पूर्ण केलंय, डोक्यावर बऱ्यापैकी केस आहेत, तरी ती पहिल्याच वाक्यात म्हणाली, "काका, तुमचा चेक चेक करायला मोरे मॅडम लागतील, आणि त्या चेकअपला गेल्यात."

काका गिळलं. पण एका वाक्यात तीन चेक, वर माझा शर्ट धरला तर चार. लोखंडी बाकड्यावर जाऊन बसलो, आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मोबाईलवर हा चेक शब्द आला कुठून ते बघायला लागलो. आणि खरं सांगतो, त्या दिवशी बँकेत मला जे काही मिळालं ते एवढंच.

हा शब्द मुळात आपला 'शह' आहे! शाह म्हणजे फारसीत राजा. बुद्धिबळात समोरच्याचा राजा अडचणीत आला की इराणी लोक 'शाह!' म्हणून ओरडायचे, म्हणजे बाबा राजा सांभाळ. खेळ इथला, चतुरंग, हत्ती-घोडे-रथ-पायदळवाला. तो इराणात गेला, तिथून अरबांकडे, अरबांकडून युरोपात, आणि वाटेत फ्रेंच लोकांच्या तोंडात शाहचा 'एशेक' झाला आणि इंग्रजांनी त्याचा चेक केला. इंग्रजीतलं चेस हे खेळाचं नावही त्याच एशेकचं अनेकवचन. म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधली पोरं, दिव्या देशमुख २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकून आल्यापासून गॅलरीत पट मांडून जी 'चेक, चेक' किंचाळत असतात, ती बिचारी 'राजा, राजा' म्हणतायत आणि त्यांना पत्ताच नाही. 'मात'सुद्धा तिथलंच. शाह मात. चेकमेटमधला मेट म्हणजे हाच मात. आपण पेपरात 'शह-काटशह' वाचतो, कुणी कुणावर मात केली ते वाचतो, आणि खालच्या पानावर चेक न वटल्याच्या बातम्या वाचतो, सगळं एकच खानदान.

राजाला शह बसला की त्याचा पुढचा बेत अडतो, म्हणून चेक म्हणजे अडवणं. अडवतो तो तपासतो, म्हणून चेक म्हणजे तपासणं. नाक्यावर ट्रक थांबवतात तो चेकनाका, ट्रेनमध्ये तिकीट बघतो तो चेकर. आणि पटावर चौकोन असतात म्हणून चौकोनांचं कापड ते चेक्स. माझ्या पाठीवर बुद्धिबळाचा पट होता आणि मी तो ४० टक्के डिस्काउंटमध्ये घेतला होता.

आता बँकेचा चेक. याची गंमत अशी, की बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचं हिशेबखातं एका टेबलावर चालायचं, साधारण १० फूट लांब, ५ फूट रुंद, वर चौकोनांच्या रेघा मारलेलं काळं कापड. आकडे रोमन, त्यात बेरीज करणार कोण, म्हणून त्या चौकोनांत सोंगट्या ठेवून, सरकवून हिशेब करायचे. दिसायला थेट पट, म्हणून त्या खात्याचं नाव एक्स्चेकर, आणि तिथल्या अर्थमंत्र्याला अजून चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर म्हणतात. त्या काळचा राजाचा खजिनदार होता रिचर्ड फिट्झनील, त्याने तर लिहूनच ठेवलंय की पटावर जशी दोघांची लढाई चालते तशी या टेबलावर खजिनदार आणि शेरीफ यांच्यात चालते. शेरीफ म्हणजे आपला मामलेदार धरा, परगण्याची वसुली घेऊन आलेला, टेबलाच्या एका बाजूला घाम पुसत बसलेला. हे वाचून मी समोर बघितलं. काउंटर, काच, काचेपलीकडे ती मुलगी, अलीकडे एक घाम पुसणारा इसम. आठशे वर्षांत एसी तेवढा आला, तोही त्या दिवशी बंद होता.

चेक हा शब्द बँकेत आला तोही असाच, आधी तो कागदाच्या राखून ठेवलेल्या अर्ध्या भागाला म्हणायचे, कुणी खोटा कागद आणला तर जुळवून बघायला, म्हणजे लबाडीला शह. मग नाव मूळ कागदालाच चिकटलं. इंग्रजांनी एक्स्चेकरच्या नादाने स्पेलिंग लांबडं केलं, अमेरिकन लोकांनी आपलं सुटसुटीत ठेवलं.

आपला धनादेश मला आवडतो, भारदस्त आहे. पण माझं धन माझा आदेश ऐकत नाही, ही तर तक्रार आहे.

एवढ्यात कानाशी आवाज. "काय वाचताय एवढं?"

शेजारी एक गृहस्थ येऊन बसले होते. सत्तरीचे, पांढरा बुशशर्ट, खिशात तीन पेनं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक आणि त्या पिशवीला रबरबँड. पासबुक भरायचं मशीन बंद होतं म्हणून ते सकाळपासून बसून होते, आणि मशीन चालू झालं असतं तर त्यांना बहुधा वाईटच वाटलं असतं.

म्हटलं, चेक शब्द कुठून आला ते बघतोय.

"त्यात काय बघायचंय? चोख!"

"काय चोख?"

"चोख व्यवहार. चोख, चोक, चेक. इंग्रजांना ख म्हणता येत नाही. साधी गोष्ट आहे."

मी म्हणालो अहो तसं नाही, तो शाहवरून आलाय.

"कोण शहा?"

"इराणचे."

"इराणचे नाही हो, शहा आमच्या खाली राहायचे, डोंबिवलीला येण्याआधी आम्ही गिरगावात होतो ना तिथे. सज्जन माणूस. पण त्यांच्यावरून शब्द निघावा एवढे काही ते मोठे नव्हते."

मी त्यांना फारसी, अरबी, फ्रेंच असा सगळा प्रवास सांगितला. त्यांनी तो डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, म्हणजे इतकी वळणं घेऊन आला? त्यापेक्षा चोख सरळ नाही का? आता यावर काय बोलणार. रांगेतले दोघंतिघं वळून बघायला लागले, त्यातल्या एका तरुणाने मुद्दाम काडी टाकली, काका, मग चेकोस्लोव्हाकिया?

"व्यवहार चोख त्यांचे! बाटा बघा. बाटा तिकडचा. ३९९ म्हणजे ३९९, घासाघीस नाही."

मी तावातावाने मोबाईलवर बघितलं, आणि वैताग असा की बाटा खरंच तिकडचाच निघाला, झ्लिन नावाच्या गावात १८९४ मध्ये सुरू झालेला. चेक हे त्या लोकांचं स्वतःचं नाव, त्याचा चेकबुकाशी काडीचा संबंध नाही, पण हे मी सांगेपर्यंत रांग बाटाला जाऊन मिळाली होती. एक बाई म्हणाल्या, इश्श, मी बाटा आपलाच समजत होते. काका विजयी मुद्रेने रबरबँड वाजवत बसले. त्यांच्याकडून शाह मात, आणि माझ्या बाजूने शब्दकोश असून.

पाऊण तासाने मोरे मॅडम आल्या. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. २००३ साली खातं उघडताना केलेली माझी सही. टपोरी, सगळी अक्षरं सुटी, शेवटच्या वेलांटीला असा डौलदार झोका, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ती टिंबं कशासाठी होती? आठवत नाही. तेव्हा नवीन नोकरी होती, लग्न ठरलं होतं, टिंबं द्यायला वेळ असेल. आणि शेजारी परवाच्या चेकवरची सही. मुंगी शाईत पडून कशीबशी बाहेर आली आणि घरी गेली, तशी. कुरियरवाल्यांच्या काचेवर बोटाने सह्या करून करून हे झालंय, माझा दोष किती आणि कुरियरचा किती, कोण ठरवणार?

"जुळत नाहीये," मॅडम म्हणाल्या. मला दिसत होतं.

"पण मी समोर उभा आहे ना."

"तुम्ही आहात हो काका. सही नाहीये."

हे वाक्य मी घरी येऊन दोन-तीनदा म्हणून बघितलं. त्यातलं चूक काय ते अजून सापडत नाही आणि राग मात्र जात नाही. ह्याच बँकेतून मला दिवसाआड फोन येतो, सर तुमचं ८ लाखांचं लोन प्री-अप्रूव्ह्ड आहे, कागद नको, सही नको, फक्त हो म्हणा. म्हणजे ८ लाख घ्यायला मी मीच. ३,२०० रुपये मेंटेनन्स द्यायला मी दुसराच कुणीतरी. आधारला माझी दहा बोटं आणि दोन्ही बुबुळं जमा आहेत, आणि अडलंय सगळं त्या दोन टिंबांवर. वर सेक्रेटरी फोनवर म्हणतात, चेक परत जाणं म्हणजे साधी गोष्ट नाही, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, कलम १३८, दोन वर्षं जाऊ शकतात आत. ते हे काळजीने म्हणतात की आवडीने, कळत नाही.

मॅडमनी दोन रस्ते दिले. एक, फॉर्म भरून सही बदला, आठवडा लागेल. दोन, आत्ता जुन्यासारखी सही करून दाखवा. मी दुसरा पकडला. पैसे भरायच्या स्लिपा घेतल्या, उलट्या केल्या आणि दोरीला बांधलेल्या पेनाने स्वतःची सही खोटी करायला बसलो.

आणि काका मदतीला आले.

"वेलांटी आणखी वर न्या. आणखी. तुम्ही घाबरून काढताय." दुसऱ्या स्लिपवर, "रेघ आधी की टिंबं आधी?" मला काय माहीत! "आठवा, आठवा, तरुणपणी काय करायचात." तो चेकोस्लोव्हाकियावाला पोरगा स्क्रीनजवळ जाऊन येऊन सांगत होता, काका, पहिलं अक्षर जरा फुगीर आहे. बाटावाल्या बाई म्हणाल्या, पोट आलेलं आहे त्याला. रांगेत मागे कुणीतरी विचारलं, काय चाललंय, तर उत्तर गेलं, ते सही शिकतायत. सत्तेचाळीस वर्षांचा, पदवीधर माणूस, चेक्सच्या शर्टात, भर दुपारी सही शिकतोय, आणि पेनाची दोरी एवढी तोकडी की काउंटरला गाल टेकल्याशिवाय टिंबं जमत नाहीत.

नवव्या स्लिपवर काका म्हणाले, "आता चोख झाली." मॅडमनी बघितलं. म्हणाल्या, छान आहे, पण ही काढलेली वाटते.

काढलेलीच होती! मग काय!

शेवटी फॉर्म भरला. फॉर्मवर नमुन्याच्या सहीला तीन चौकोन होते. मी तीन सह्या केल्या, माझ्या नेहमीच्या, आजच्या, मुंगीच्या. तिन्ही तीन तऱ्हेच्या आल्या. मॅडमनी त्या बराच वेळ बघितल्या, मग मधलीवर बोट ठेवून म्हणाल्या, ही ठेवू? मी म्हटलं ठेवा. म्हणाल्या, फोटो काढून घ्या, पुढच्या वेळी विसराल. काढला. काका म्हणाले, मलाही पाठवा, पण मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

आठवड्याने नवा चेक लिहिला. मोबाईल टेबलावर उभा करून, फोटो मोठा करून, बघून बघून सही केली, बायको दारात उभी राहून बघत होती, बोलली काही नाही. सेक्रेटरींकडे नेऊन दिला. त्यांनी तो ट्यूबलाइटकडे धरला, पुढून बघितला, मागून बघितला, तारीख बघितली, सहीवर नख फिरवलं.

"ठीक आहे," म्हणाले, "वटला की बोर्डवरचं काढतो. आणि दंडाचे पाचशे वेगळ्या चेकने द्या, ऑडिटला बरं पडतं."