'परवानगी देत नाही' लिहून फोटो वाचत नाहीत

"उद्यापासून मेटा तुमचे फोटो वापरणार. रोम करारानुसार मी परवानगी देत नाही. कॉपी-पेस्ट करा." मेटा म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲपची मालक कंपनी. नाशिकमध्ये सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा फिरतोय, आणि इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत शिकलीसवरलेली माणसं तो आपल्या फेसबुक वॉलवर चिकटवताहेत.

रोम कराराचा हवाला देणारा हा मजकूर २०१२ मध्येही फिरला होता. मुळात १९९८ चा तो करार वंशसंहार आणि युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा आहे. भारताने त्यावर सहीदेखील केलेली नाही.

'फोटो कंपनीच्या मालकीचे होतात' हेही खोटं. मालकी तुमचीच राहते. मात्र खातं उघडताना अटी मान्य केल्या, तेव्हाच फोटो वापरायचा परवाना आपण दिलेला असतो. दारावर चिठ्ठी लावून भाडेकराराचं कलम बदलत नाही, तसंच इथेही.

एआयबद्दलची काळजी मात्र खरी आहे. सार्वजनिक पोस्ट एआयला शिकवायला वापरतो, असं मेटानेच सांगितलंय. पण त्यासाठी पोस्ट 'पब्लिक' ठेवायची की 'फ्रेंड्स'पुरती, हे बघायला हवं.

"टाकून ठेवायला काय जातं?" असं बरेच जण विचारतात. जातं ते सावधपण. मेसेज चिकटवला की माणूस निर्धास्त होतो आणि त्याच्याच खाली नातीचा गणवेशातला फोटो टाकतो. गळ्यातल्या ओळखपत्रावर शाळा, वर्ग, वडिलांचा मोबाइल नंबर, सगळं स्पष्ट वाचता येतं. नावाखाली पृथ्वीगोलाचं बारीकसं चिन्ह असतं. म्हणजे तो फोटो जगात कुणालाही दिसतो! त्या चिन्हावर बोट ठेवून 'फ्रेंड्स' निवडायला वेळ लागत नाही, पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

'आपल्या माणसाने पाठवलंय म्हणजे खरं असणार' हा समज तर सगळ्यांत महागात पडतो. २०१८ मध्ये उघड झालेल्या केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात, फेसबुकच्याच अंदाजाने, ८.७ कोटी लोकांपर्यंतची माहिती बाहेर गेली. ही माहिती गोळा करणारं व्यक्तिमत्त्व चाचणीचं ॲप त्यातल्या बहुतेकांनी उघडलंही नव्हतं. त्यांच्या मित्रांनी उघडलं होतं. आज तोच विश्वास व्हॉट्सॲपवर वापरला जातो: "काकू, चुकून तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड आलाय, पाठवता का?" नाव भाच्याचं दिसतं, पण त्याचं खातं आधीच दुसऱ्याच्या हातात गेलेलं असतं. कोड दिला की तुमचंही जातं, आणि मग तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागितले जातात. असा कोड कुणालाच देऊ नका, भाच्याला थेट फोन लावा, आणि सेटिंग्जमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' आजच चालू करा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.