घाटासाठी बसवलेला रेशो आणि हायवेची तक्रार

नमस्कार दादा. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. पिकअपचा मागचा रेशो (मागच्या ॲक्सलमधल्या दोन गिअरांच्या दातांचं प्रमाण) आमच्या गॅरेजमध्ये बदलल्यापासून हायवेला इंजिन ओरडतं, १३ चं ॲव्हरेज १२ वर आलं, मोबाइल ८० दाखवतो तेव्हा मीटर ९३ दाखवतो, मागून ‘कूंऽऽ’ असा आवाज येतो, आणि गरज नसताना बेअरिंगं बदलून आम्ही बिल फुगवलं, असं तुम्ही लिहिलंय. रेशो बदलायचा विचार करणारे बरेच पिकअपवाले हे वाचतील, म्हणून फोन न करता इथेच उत्तर देतो.

गाडी आणलीत तेव्हा तुमचं काम चिऱ्यांचं होतं. रत्नागिरीकडे जांभा भरायचा आणि साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला उतरवायचा. चढाच्या वळणावर पुढची एसटी थांबली की भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्येही उचलत नव्हती. हाफ क्लचवर रेटायची आणि करपल्याचा वास केबिनपर्यंत यायचा. जॉबकार्डवर तुमच्याच शब्दांत लिहिलंय, ‘घाटात दम नाही, क्लच जळतो’. क्लच प्लेट परत घालून पैसे घेता आले असते, पण ती पुन्हा जळाली असती. म्हणून मूळ कारणाला हात घातला.

गाडीत आधी क्राऊनला, म्हणजे ॲक्सलमधल्या मोठ्या गिअरला, ४१ आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला १० दात होते, म्हणजे ४.१० चा रेशो. आपण ४३ आणि ९ चा सेट बसवला, म्हणजे ४.७८. प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारी ओढ साधारण साडेसोळा टक्क्यांनी वाढली. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच. घाट उतरताना इंजिनचा ब्रेकही तेवढाच जास्त लागतो, आणि त्या उतारांवर ही फार मोलाची गोष्ट आहे. घाटात आता गाडी कशी चढते, याबद्दल तुमच्या रिव्ह्यूत तक्रारीचा एक शब्दही नाही.

पण ही ओढ फुकट मिळत नाही. चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनने जास्त फिरायचं, हाच तर तो बदल आहे. तुमच्या २१५/७५ आर १५ टायरवर खऱ्या ८० च्या वेगाला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरवणारा दांडा) पूर्वी मिनिटाला सुमारे २,४७० फेरे घ्यायचा, आता २,८८० घेतो. पूर्वी ८० ला इंजिन जितकं फिरत होतं, तितकं आता ६९ लाच फिरतं. ‘हायवेला स्पीड आणि ॲव्हरेज कमी होणार’ ही ओळ जॉबकार्डवर आहे आणि तिच्याखाली तुमची सही आहे. सही दाखवून तुम्हाला गप्प बसवायचा हेतू नाही. बदललंय ते तुमचं काम. पावसाळ्यात खाणी बंद झाल्यापासून रात्रीचं कोल्हापूर–पुणे पार्सल मारतो, असं तुम्हीच लिहिलंय. घाटासाठी लावलेली गाडी सपाट हायवेवर रात्रभर ८०–९० ने पळवली, तर ती ओरडणारच आणि डिझेलही पिणारच.

आता मीटर. तुमच्या गाडीचा मीटर गिअरबॉक्सकडून वेग मोजतो. मागे रेशो बदलला हे त्याला कळत नाही, म्हणून तो वेगही जास्त दाखवतो आणि किलोमीटरही जास्त मोजतो. मीटरवर १०० किलोमीटर झाले की रस्ता खरा ८६ च्या आसपास झालेला असतो. म्हणजे ज्याला तुम्ही १२ चं ॲव्हरेज म्हणता, ते खरं तर सव्वादहाच्या जवळ आहे. तुमच्या तक्रारीपेक्षा घट जास्त आहे, आणि हे मी स्वतःहून सांगतोय, कारण चुकीच्या आकड्यावर तुम्ही पुढचा निर्णय घेऊ नये. मीटर जुळवून घ्यायचा का, हे डिलिव्हरीच्या दिवशी विचारलं होतं. तुम्ही ‘नंतर बघू’ म्हणालात. चिऱ्याला खेपेवर भाडं मिळतं, तेव्हा चाललं असेल. पार्सलचं भाडं तुम्ही किलोमीटरवर घेत असाल, तर समोरच्याकडून न चाललेल्या रस्त्याचे पैसे घेतले जातायत. हे काम आधी करून घ्या.

बेअरिंगांबद्दल. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर फिरवून जोडीने तयार होतात, त्यामुळे त्यातलं एकच कधी बदलत नाहीत. पिनियन किती आत बसायला हवा ते त्याच्या मागच्या शिमने, म्हणजे पातळ चकतीने, ठरतं, आणि त्या शिमपर्यंत जायला बेअरिंग प्रेसने ओढून काढावं लागतं. ओढलेलं, आधीच एवढं चाललेलं बेअरिंग नव्या सेटखाली परत घालणं माझ्या मनाला पटत नाही. ते सैल पडलं तर नवे दात चुकीच्या जागी घासतात आणि सगळा सेट वाया जातो. काढलेली बेअरिंगं आणि जुना क्राऊन-पिनियन आम्ही तेल लावून, पोत्यात गुंडाळून तुमच्याच गाडीत ठेवलेत. बेअरिंगच्या बाहेरच्या कपात बोट फिरवून बघा, खड्डे हाताला लागतील.

आवाज मात्र मला गाडी बघितल्याशिवाय सोडायचा नाही. सेट बसवताना डायल गेजवर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजला होता, दातांना रंग लावून फिरवलं होतं आणि ठसा दाताच्या मधोमध आला होता. त्याचा फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर आहे. नव्या दातांना पहिले आठशे किलोमीटर हलका लोड आणि कमी-जास्त वेग द्या, मग तेल बदलायला या, असं सांगितलं होतं. तुम्ही तिसऱ्याच दिवशी भरलेली गाडी घाटाला घातली आणि तेल बदलायला आला नाहीत. त्याने दात तापून घासले गेले असतील, किंवा कारण अगदी वेगळंही असेल. म्हणून येण्याआधी एक करा. मोकळ्या रस्त्यावर साठच्या आसपास रेस दाबा, मग सोडा. दाबल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर बंद होतो, की उलट, ते लक्षात ठेवा. रेस दाबा-सोडा, काहीच फरक पडत नसेल आणि आवाज फक्त वेगाबरोबर वाढत असेल, तर चाकाचं बेअरिंग असू शकतं. फक्त वळणावर येत असेल तर डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर बघावे लागतील. ड्रेन प्लगचं तेल आपण तुमच्यासमोर स्वच्छ भांड्यात काढू. बारीक करडी भुकटी निघाली तर काळजी नाही. चकाकणारे तुकडे निघाले तर त्याच दिवशी खोलायचं. तपासायचे पैसे नाहीत. आमच्या फिटिंगचा दोष निघाला तर पुढचंही सगळं आमच्याकडे.

‘एवढं करूनही जादा लोड घेता येत नाही’ हे वाक्य वाचून मात्र काळजी वाटली. रेशो बदलल्याने पासिंग, म्हणजे गाडीला मंजूर असलेलं वजन, वाढत नाही. पाटे, ॲक्सल, ब्रेक सगळं पूर्वीचंच आहे. गाडी चढते म्हणून जास्त भरू नका, त्याच घाटातून ती उतरवायचीही असते.

राहिला रेशो परत बदलायचा प्रश्न. दसरा-दिवाळीनंतर चिऱ्याचं काम पुन्हा धरणार असाल, तर माझा सल्ला आहे की चार महिन्यांसाठी हा खर्च करू नका. हायवेला खऱ्या ६५–७० ने चला, ॲव्हरेज बरंच सावरेल. पार्सलच कायम करणार असाल, तर जुना ४१–१० चा सेट घेऊन या. त्याचे दात तपासू, चांगले असतील तर तोच परत बसवू. शिम नव्याने लावावे लागतील, त्यामुळे गाडी दोन दिवस ठेवावी लागेल. मजुरी निम्मी घेईन. येताना गाडी रिकामी आणा आणि रात्रीच्या फेरीवरून थेट येऊ नका. हाऊसिंग (ॲक्सलचं कवच) थंड असेल तरच बॅकलॅशचं माप खरं मिळतं.