लसूण, टोमॅटो आणि ३० मिनिटं

परभणीच्या मोंढ्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. २२ वर्षं झाली, दुकानात आलेला माणूस बियाण्याची पिशवी हातात घेतो, वजन बघितल्यासारखी वर-खाली करतो आणि विचारतो, "कसं हाय हे?" पिशवीवर उगवणीचा टक्का छापलेला असतो, लॉट नंबर असतो, तपासणीची तारीख असते. ते वाचणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. त्याला हवं असतं ते वेगळंच. कुणी नेलं, कोणत्या गावाला नेलं, भारी रानात टाकलं का हलक्या, आणि नेणारा खरं बोलणारा आहे का. मी सगळ्यांना एकच सांगतो, "लोकं न्यायलेत." एवढ्या दोन शब्दांवर घर बांधून झालं.

त्यामुळं लोकांच्या मतावर माल घेऊ नये हे निदान मला तरी कळायला पाहिजे होतं.

यंदा मृगात दोन पाऊस बरे झाले, लोकांनी सोयाबीन टाकलं आणि पावसानं दडी मारली. दुबार पेरणीचा शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं, फवारणीला अवकाश होता. अशा दिवसांत दुकानात माणसं येतात ती आभाळ बघायला, कारण माझ्या ओट्यावरून आभाळ बरं दिसतं. पुतण्या ओंकार तेव्हा संभाजीनगरहून सुट्टीला आला होता. मला काउंटरवर रील बघताना धरलं आणि म्हणाला, "काका, त्यापेक्षा गेम खेळा." बिलिंगच्या लॅपटॉपवर त्यानं स्टीम नावाचं गेमचं दुकान उघडून दिलं. लॅपटॉप १० वर्षांचा, रॅम ४ जीबी, बिल काढतानाच पंखा गिरणीसारखा वाजतो. मोठे गेम त्याला झेपणार नव्हते. म्हणून लहान, म्हणजे कुण्या एकट्यानं नाहीतर दोघा-चौघांनी घरात बसून केलेले. "फक्त घ्यायच्या आधी रिव्ह्यू वाचा," एवढा सल्ला देऊन तो गाडीला लागला.

त्या दुकानातली मतं द्यायची रीत मला एकदम पसंत पडली. तारे नाहीत, गुण नाहीत. अंगठा वर, नाहीतर अंगठा खाली. आणि शेजारी त्या माणसानं तो गेम किती तास खेळला ते छापून येतं. बियाण्यावर बोलणाऱ्यांच्या कपाळावर असंच 'पेरलेले एकर' उमटायला पाहिजे. मोंढ्यातली निम्मी चर्चा दुपारपर्यंत बंद पडेल. शेकडो तास खेळून अंगठा खाली करणारे तिथं आहेत आणि जेवणाच्या सुट्टीत हात लावून अंगठा वर करणारेही आहेत. भाषा मात्र सगळ्यांची ठरलेली. एक डाव म्हणून बसलो आणि पहाट झाली. शिकायला सोपा, जिंकायला अवघड. आणि सगळ्यात मोठी पदवी म्हणजे 'कठीण, पण न्यायी'. आमच्याकडं असं फक्त सासऱ्याबद्दल बोलतात, तेही तेराव्याच्या जेवणाला.

ही पदवी वाचून मी पहिला गेम घेतला, सुपर हेक्सागॉन. टेरी कॅव्हनाह नावाच्या आयरिश माणसानं २०१२ साली काढलेला. मधे एक एवढासा त्रिकोण, म्हणजे आपण. सहा बाजूंनी भिंती आत येतात, सगळं गरगर फिरतं, फटीतून निसटायचं. डावं आणि उजवं, दोनच बटणं. ६० सेकंद टिकलात की पातळी पार. सोपी पातळी शोधायला गेलो तर पहिल्याच पातळीचं नाव 'हार्ड'. पुढच्या दोन त्याहून हार्ड. १० सेकंद टिकलं की तुम्ही 'रेषा' होता, २० ला त्रिकोण, ३० ला चौकोन. त्याआधी तुम्ही नुसता बिंदू. मी चार दिवस बिंदू होतो. सातव्या सेकंदाला एक बाई शांतपणे "गेम ओव्हर" म्हणायची, आणि ते ऐकून समोरचा चहावाला विचारायचा, "शेठ, फोन उचला की."

घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर स्टीम गेम परत घेतं. आमच्याकडं पिशवीचं तोंड फोडलं की विषय संपला. माझं एकूण खेळणं भरलं १९ मिनिटं. परत केला. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाच्या बाजूला होतो, आणि भलताच सुखावलो.

दुसरा घेतला डाउनवेल. हा २०१५ चा. करणारा ओजिरो फुमोटो, जपानी. टोकियोत ऑपेराचं गाणं शिकता शिकता तो गेम करायला लागला. काळा, पांढरा, लाल एवढेच रंग. एक पोरगा विहिरीत उडी मारतो आणि खाली, खाली, खाली जातो. पायातल्या बुटांना बंदुका. वटवाघळं, बेडूक, कासवं येतात, त्यांच्या डोक्यावर पाय द्यायचा नाहीतर गोळी घालायची. खेळणाऱ्यांचं मत असं की जमिनीला पाय न लावता जितके प्राणी माराल तितकी कमाई जास्त.

सोनपेठकडचे तात्या ओट्यावर आभाळ बघत बसले होते. आभाळात काही नव्हतं म्हणून त्यांनी लॅपटॉपात बघितलं.

"काय करायलाव मालक?"

"विहिरीत उतरायलोय तात्या."

तात्या स्टूल ओढून जवळ आले. "किती परस गेली?"

"मोजली नाही."

"पानी?"

"अजून न्हाई."

"खडक लागलाय का मांजऱ्या?"

अर्ध्या तासात ही बातमी मोंढ्यात फिरली. हमाल आले, शेजारचा मोटार-पंपवाला आला, त्याचा मिस्त्री आला. मागं सहा माणसं उभी आणि सहांची सहा मतं, यातल्या प्रत्येकाचे खेळलेले तास शून्य. मिस्त्री म्हणाला, "आडवं बोअर मारता येत न्हाई का यात?" विहिरीच्या कडेला मधेच कपार येते, तिथं एक दुकानदार माल मांडून बसलेला असतो. ते बघून तात्या म्हणाले, "विहिरीत दुकान टाकलंय? मंग उधारी बी असंल." आणि माझ्याकडं बघितलं नाही. त्यांच्याकडं गेल्या खरिपाची बाकी आहे.

"तिसऱ्या थराला पाणी हाय म्हणतेत लोकं," मी म्हणालो. हे मी वाचलं होतं. पहिला थर गुहांचा, दुसरा मढ्यांचा, तिसरा पाण्याचा.

"कोन लोकं?"

"खेळलेले."

"त्यात पायाळू कुनी हाय का?" पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं, हे आमच्याकडं लॉट नंबरपेक्षा पक्कं. मग तात्यांनी पडद्यावरच्या पोराकडं निरखून बघितलं आणि म्हणाले, "हाच पायाळू हाय की. पायाकडूनच चाललाय."

नऊ दिवस ही विहीर चालली. रोज दुपारी तीनला माणसं जमायची. "घाई करायलाव", "वटवागळाच्या नादी लागू नका", "तो लाल हाय, त्याच्यावर पाय देऊ नका, गोळी घाला". हे शेवटचं खरंच बरोबर होतं. लाल प्राण्यावर पाय दिला की आपणच जखमी होतो. हमालाला ते बघून बघून कळलं होतं, मला मरून मरून. नवव्या दिवशी मी तिसऱ्या थरात घुसलो आणि पडदाभर पाणी झालं. "लागलं!" असा ओरडा झाला, की समोरचा अडत्या हातातला चहा घेऊन पळत आला. कुणीतरी माझ्या पाठीत धपका घातला. पण त्या थरात दम मोजून असतो, हवेचे बुडबुडे पकडत जावं लागतं, आणि मी ओट्यावरच्या लोकांकडं बघून हसत होतो. पोरगं बुडून मेलं.

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग तात्या उठले, धोतर झटकलं. "बुजवून टाका ती," म्हणाले आणि आभाळाकडं एकदा बघून एसटी स्टँडकडं निघाले.

तिसरा गेम मी घरी खेळायचा ठरवला. घरी प्रेक्षक एकच, माझी माय. तिला मोतीबिंदू झालाय, दिसणार काय, असा हिशोब.

व्हॅम्पायर सर्व्हायवर्स. लुका गॅलान्ते नावाच्या, इंग्लंडात राहणाऱ्या इटालियन माणसानं केला. २०२१ च्या डिसेंबरात कच्चाच दुकानात ठेवला होता, ३ डॉलरच्या आत. लोकांनी असा उचलला की २०२३ साली ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत 'एल्डन रिंग'सारख्या दांडग्याला मागं टाकून त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट गेम ठरला. दिसायला म्हणाल तर आम्ही लहानपणी टीव्हीला कॅसेट लावून खेळायचो तसा. यात मारायला बटण दाबायचं नाही. शस्त्रं आपोआप चालतात, आपण फक्त चालायचं. भुतं, सांगाडे, वटवाघळं शेकड्यांनी अंगावर येतात, त्यातून ३० मिनिटं वाट काढायची. नावात व्हॅम्पायर आहे, मला अजून एकही दिसलेला नाही. बियाण्याच्या नावात 'सोना' असतं, तसं.

माय पलंगावर पाय पसरून वाती वळत होती. कापसाची पेळू मांडीवर, बोटाला राख. तीनेक मिनिटं झाली असतील.

"बाळ्या, भुईवरचं काय उचलून खाल्लास रे?"

एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलेलं, हे मी विसरलो होतो.

"काही नाही माय."

"तंगडी दिसली मला."

दिसली ती खरीच. या गेमात वाटेवरचे दिवे फोडले की कधी पैसा निघतो आणि कधी भाजलेली अख्खी कोंबडी. ती उचलली की जीव भरून येतो. जीव कमी झाला की कोंबडी गाठा, असं सगळ्या जाणत्या खेळाडूंचं मत. पण माझी माय ४० वर्षांची माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, शेगावची पालखी परभणीला आली की रस्त्यावर उन्हात उभी. मी बाहेर काय खातो ते तिला ठाऊक नाही, अशी माझी २५ वर्षांची समजूत आहे.

"गेममधलं आहे माय. रक्त भरतं त्यानं."

"देवाचा दिवा फोडून कोंबडी काढायलास. आन् तीबी भुईवरची."

यावर जगातल्या एकाही खेळाडूनं काही लिहून ठेवलेलं नाही. मी कोंबडी सोडली. पुढचे चार डाव आठव्या मिनिटाला मेलो.

माझ्याकडं तोवर फक्त लसूण होता. खरंच लसूण. घेतला की आपल्या अंगाभोवती त्याच्या वासाचं रिंगण पडतं आणि जवळ येणारं भूत भाजतं. या लसणावर खेळाडूंचे दोन तट आहेत. एक म्हणतो, नवख्यानं डोळे झाकून लसूण घ्यावा. दुसरा म्हणतो, लसूण घेणारा कायमच नवखा राहतो, कारण पुढं दांडगी भुतं आली की वासानं काही होत नाही. मायला विचारलं. "लहान लेकराच्या उशाला लसूनच ठेवतेत," ती म्हणाली, आणि नवी वात घेतली.

पातळी वाढली की गेम तीन-चार वस्तू पुढं करतो, त्यातली एक उचलायची. मी पंख घेणार तेवढ्यात ती म्हणाली, "ते टमाटं घे की."

"कशाला?"

"कोंबडी सोडलीस, मंग खानार काय?"

त्या टमाट्याचं गेममधलं नाव पुम्मारोला, नेपल्सकडं टोमॅटोला असंच म्हणतात. त्यानं जीव थेंब थेंब भरत राहतो. आणि लसूण आठव्या पायरीपर्यंत वाढवला, जवळ हे टमाटं ठेवलं आणि १० मिनिटांनंतर पेटी उघडली, तर दोन्ही मिळून एक जबर शस्त्र होतं, हे मला माहीत नव्हतं. मायलाही नव्हतं. पेटी उघडली, पडदा झगमगला, आणि माझ्या भोवतीचं रिंगण एकदम वाढलं.

"काय झालं?"

"लसूण आणि टमाटं एक झालं."

"चटनी की."

त्या चटणीचं नाव सोल ईटर. ती समोरच्या भुताचा जीव ओढते आणि आपल्याला भरते. याला शाकाहारी म्हणावं का हा प्रश्न मायनं काढला नाही, मीही काढला नाही.

त्या दिवशी कांदेनवमी होती. बायकोनं कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, लसणाची चटणी सगळं केलं होतं, घरभर वास. एका हातात भजं आणि एका हातानं बाण दाबत मी २९ व्या मिनिटाला पोचलो. बरोबर ३० ला सगळी भुतं नाहीशी झाली आणि विळा घेतलेला एकजण आला. एका फटक्यात मला मारलं.

"मेलास व्हय?" माय म्हणाली.

"जिंकलो. ३० मिनिटं टिकलं की जिंकलं असतं. मग तो येऊन नेतो."

मायनं वात मोडली, डब्यात टाकली. "मंग येळेवर आला म्हन की."

दोन दिवसांनी एकादशी. उपवासाची भगर खाऊन लॅपटॉप उघडला, लसणावर बाण नेला, आणि पलंगावरून आवाज आला, "चार महिने लसून न्हाई."

"माय, गेममध्ये..."

"गेममधी बी. ती पोथी हाय बघ बाजूला, ती घे."

तिथं एक पुस्तक होतं. घेतलं की ते आपल्याभोवती गोल गोल फिरतं आणि जवळ येणाऱ्याला आपटतं. ते ख्रिस्ती लोकांचं आहे हे मी सांगितलं नाही. नंतर वाचलं, जुने खेळाडू लसणापेक्षा त्यालाच जास्त मानतात.

ओंकारचा फोन आला, "काका, एवढे ३७ तास खेळलात, एक रिव्ह्यू टाका." दुकानातल्या पॅडवर आधी कच्चं लिहिलं, मग टाकलं. अंगठा वर. 'उगवण चांगली. हलक्या लॅपटॉपातही येतो. पहिली १० मिनिटं जपावं लागतं. लसूण व टोमॅटो एकत्र घ्यावे. चातुर्मासात लसणाऐवजी पोथी वापरली, फरक नाही. माळकऱ्यांनी दिवे फोडू नयेत. परभणी भागात लोकं न्यायलेत.'

तिथं लोक मतांवरही मत देतात, उपयोगी का विनोदी. आठ दिवसांत ११ जणांना माझं विनोदी वाटलं. उपयोगी वाटलं एकालाच, आणि तो ओंकार आहे असा मला दाट संशय आहे.