कलम 303 आणि नऊ नंबरची कोल्हापुरी

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री माझ्या दारासमोरच्या रॅकवरून माझी नवी कोरी कोल्हापुरी नाहीशी झाली. ती कापशी घाटाची होती, नऊ नंबरची होती, कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत तासभर घासाघीस करून 2,200 रुपयांना घेतलेली होती, आणि चालताना असा काही करकर आवाज करीत असे की मी पहिल्या मजल्यावर पोहोचेपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात चहाचे आधण चढलेले असे. तिच्यात दोष म्हणावा तर एकच होता, तो म्हणजे ती चावत असे. तेल पाजून झाले, रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून झाले, तरी चार दिवसांत तिने माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी टपोरे फोड आणले होते, आणि पाचव्या दिवशी ती गेली.

सकाळी मी रॅकपुढे उभा असताना समोरच्या वहिनी म्हणाल्या, "शनिवारी गेली ना? मग भाऊजी, पीडा गेली म्हणा!" हा तोडगा मी तेव्हाच स्वीकारला असता तर पुढचे नऊ दिवस वाचले असते. परंतु 2025 साली मिलानच्या एका फॅशन शोमध्ये कोल्हापुरीचे नुसते रूप उचलले गेले, तेव्हा सारा महाराष्ट्र पेटून उठला होता, 2019 च्या भौगोलिक मानांकनाचे दाखले दिले गेले होते, आणि माझा तर अख्खा जोड उचलला गेला होता. मी गप्प बसणे कोल्हापूरवर अन्याय करणारे ठरले असते.

आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आहे. तिच्यात 36 सदनिका, आठ कॅमेरे आणि, माझ्या अंदाजाने, सत्तरएक न्यायाधीश राहतात. रविवारी दहाच्या सुमारास पार्किंगमध्ये त्यांपैकी वीस जमले, आणि सर्वांचे पहिले वाक्य एकच होते, "कॅमेरे आहेत ना? मग पाच मिनिटांचे काम." ते पाच मिनिटांचे काम फिर्यादी या नात्याने माझ्याकडे आले.

सेक्रेटरींच्या ऑफिसातील मोडक्या खुर्चीवर बसून मी शनिवार रात्रीचे नऊ ते रविवार सकाळचे साडेसहा एवढे चित्रण पाहिले. कॅमेऱ्याला रात्री दिसावे म्हणून त्यात अदृश्य लाल किरणांचे दिवे असतात. त्यांच्या उबेने म्हणा किंवा त्यांच्याभोवती जमणाऱ्या किड्यांच्या आशेने म्हणा, कोळी नेमके तेथेच जाळे विणतो, आणि मग पडद्यावर इमारतीपेक्षा मोठा, पांढराशुभ्र, आठ पायांचा एक रहिवासी रात्रभर येरझाऱ्या घालीत असतो. त्या कोळ्याच्या पायांमधून मला बरेच काही दिसले. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्यावर दर सभेत बोलणारे गृहस्थ रात्री साडेअकराला आपली एकत्र पिशवी शेजारच्या विंगच्या डब्यात टाकताना दिसले. मधुमेहामुळे गोड सोडल्याचे सर्वांना सांगणारे काका पार्किंगमध्ये गाडीचे दिवे बंद करून जिलबी खाताना दिसले. पहाटे पाचला टेकडीवर जाणारे एक जोडपे पाच वाजून चार मिनिटांनी बाकावर बसून मोबाइल पाहत होते आणि सहाला घाम पुसत परतले. साडेनऊ तासांत मला माझा चोर सोडून बाकी सगळे गुन्हेगार सापडले, आणि ते सर्व त्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये न्याय मागायला हजर होते.

अखेर पहाटेच्या सुमाराचा तो प्रसंग आला. आमच्या मजल्यावरचा दिवा बंद होता. एक आकृती आली, रॅकपुढे वाकली, आणि अकरा सेकंद वाकलेलीच राहिली. तेवढ्यात कोळी भिंगावर आला आणि त्याने सारे दृश्य झाकून टाकले. कोळी बाजूला झाला तेव्हा आकृतीही नव्हती आणि चप्पलही नव्हती. कोपऱ्यातील तारीख 19 मार्च 2000 होती. चित्रण साठविणाऱ्या यंत्राच्या आतले बटण सेल संपले होते, त्यामुळे वीज गेली की ते 1 जानेवारी 2000 पासून नव्याने आयुष्य सुरू करीत असे. आमची इमारत 2008 ची आहे. म्हणजे उपलब्ध पुराव्यानुसार माझी चप्पल इमारत उभी राहण्यापूर्वी आठ वर्षे, दुसऱ्या मजल्यावरून चोरीला गेली होती.

ती अकरा सेकंदे मी सर्वांना दाखविली आणि तेथेच चूक केली. आकृतीला चेहरा नव्हता, चेहऱ्याच्या जागी सात-आठ करडे चौकोन होते. पण ज्याचा ज्याच्याशी पूर्वीचा हिशेब बाकी होता, त्याला तो त्या चौकोनांत स्वच्छ दिसला. चेअरमनांना वॉचमनमामा दिसले, कारण मामांनी पगारवाढ मागितली होती. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना वरच्या मजल्यावरचा भाडेकरू दिसला, कारण त्याच्या बाल्कनीतून त्यांच्या पापडांवर पाणी पडते. तिघांना जेवण पोहोचविणारा मुलगा दिसला. वास्तविक पहाटे चार वाजता जेवण मागविणारे आमच्याकडे कोणी नाही, पण त्याची पाठीवरची पिशवी मोठी असते एवढे कारण पुरेसे होते. मला स्वतःला, खरे सांगायचे तर, इस्त्रीवाला दिसला. त्याने मार्चमध्ये माझा शर्ट जाळला होता.

वॉचमनमामांना रात्री कोठे होतात असे विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, कॅमेरे बसवले त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, मामा, आता तुम्ही झोपलात तरी चालेल." हे वाक्य इतिवृत्तात घेऊ नये असे सर्वानुमते ठरले.

येथून पुढे प्रत्येक संध्याकाळी पार्किंगमध्ये न्यायदान सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरील सॉफ्टवेअर कंपनीतल्या चिरंजीवांनी कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा स्पष्ट करून देण्याचे मान्य केले आणि दुसऱ्या दिवशी कुरळ्या केसांच्या, टोकदार नाकाच्या एका अत्यंत देखण्या तरुणाचे चित्र आणले. असा तरुण आमच्या सोसायटीत नाही, ही गोष्ट काही भगिनींनी किंचित खेदाने नमूद केली. अशी प्रणाली अस्पष्ट चित्रात लपलेला चेहरा शोधत नाही, तिने पूर्वी पाहिलेल्या चेहऱ्यांवरून एक नवा चेहरा रचते. 2020 साली अशाच एका प्रणालीने बराक ओबामांच्या पुसट छायाचित्रातून एक गोरा गृहस्थ काढून दाखविला होता. मी हे सांगितले, तेव्हा चिरंजीव म्हणाले, "काका, आता मॉडेल फार पुढे गेलंय." ते खरे असावे, कारण आमच्या आकृतीला त्याने कानात बाळीसुद्धा घातली होती.

बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचे मत नार्को चाचणीच्या बाजूने पडले. चाचणी कोणाची, असे विचारल्यावर ते म्हणाले, "सगळ्यांचीच. कर नाही त्याला डर कशाला?" या विषयात पुण्याचा मान मोठा आहे, कारण 2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने मेंदूच्या लहरींच्या चाचणीचाही आधार घेऊन एका खटल्यात शिक्षा सुनावली होती, परंतु संमतीशिवाय अशा चाचण्या करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सेल्वी खटल्यात स्पष्ट केले. ही माहिती वकीलकाकांनी दिली. त्यावर बँकवाल्या काकांनी आपली सूचना मागे घेतली नाही, फक्त "सगळ्यांचीच" या शब्दातून स्वतःला वगळले.

निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या ताईंचा कल बोटांच्या ठशांकडे होता. जगातील पहिला ठसे विभाग 1897 साली कोलकात्यात निघाला, आणि जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनात पंचांगावर उमटलेल्या रक्ताळ अंगठ्यावरून आरोपी हाती लागला, हा इतिहास त्यांनी इतका रंगवून सांगितला की डास चावत असूनही कोणी हलले नाही. त्या आरोपीला चोरीची शिक्षा झाली, पण नुसत्या अंगठ्यावरून खुनी ठरवायला न्यायालय धजावले नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. मात्र आमच्या रॅकवर तोपर्यंत तपासाच्या निमित्ताने निम्म्या सोसायटीचे हात टेकून गेले होते.

मी चौकीवर गेलो, तेव्हा हवालदारांनी माझे सर्व कथन सहानुभूतीने ऐकून घेतले आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, "कुठल्या देवळातनं गेली?" घरातून गेली, म्हटल्यावर त्यांना प्रथमच आश्चर्य वाटले. त्यांनी बिल मागितले. चप्पल लाइनीत तासभर घासाघीस केल्यावर बिल मागण्याचे धैर्य ज्याला होते असा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

या सर्व गदारोळात आरोपीची बाजू मांडणारे एकटे वकीलकाका होते. ते समोरच्या विंगमध्ये, आमच्याच मजल्याच्या उंचीवर राहतात, चाळीस वर्षे दिवाणी न्यायालयात गेल्यामुळे त्यांना कोणत्याही गोष्टीची घाई नसते, आणि चोराविषयी त्यांना वाटणारा जिव्हाळा पाहून मी अनेकदा सद्गदित झालो. भारतीय न्यायसंहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आहे, तिच्या कलम 303 मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण वस्तू 5,000 रुपयांहून कमी किमतीची असेल, दोषी ठरण्याची पहिलीच वेळ असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा फक्त सामुदायिक सेवेची आहे, हे त्यांनी मला तीन वेळा समजावून सांगितले. राहत्या इमारतीतील चोरीला कलम 305 मध्ये सात वर्षे आहेत, असे कोणीतरी म्हणताच त्यांनी विचारले, "पण जिना हा राहता भाग आहे का?" यावर सेक्रेटरी एकदम जागे झाले आणि म्हणाले की जिन्याच्या वाटेवर रॅक ठेवणेच मुळात नियमबाह्य आहे. अशा रीतीने सातव्या दिवशी मला नोटीस आली.

वकीलकाकांचा खरा आक्षेप पुराव्यावर होता. इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र हवे, त्यातला एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि यंत्र नीट चालू होते असे लिहून द्यायचे. वर्ष 2000 दाखविणारे यंत्र नीट चालू होते असे लिहून देण्यास सेक्रेटरींनी नकार दिला. मग काकांनी जालन्याचा दाखला काढला. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा 296 मतांनी पुढे होते. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणापर्यंत गेला, आणि त्या चित्रणाला प्रमाणपत्र लागते का याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला. तोवर 2019 ची पुढची निवडणूक होऊनही गेली होती. निकाल असा की प्रत काढून दिली तर प्रमाणपत्र लागतेच. मात्र मूळ यंत्रच मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले तर लागत नाही. "तेव्हा," वकीलकाका म्हणाले, "प्रत्यक्ष यंत्र सभेपुढे आणा. नाहीतर ही सगळी ऐकीव गोष्ट."

सोमवारी संध्याकाळी सात वाजता सर्व तारा काढून ते यंत्र पाटावरच्या गणपतीसारखे दोघांनी धरून सभागृहात आणले आणि टेबलावर ठेवले. साठजण आले होते. चित्रण पुन्हा दाखविले, कोळी पुन्हा आला, भाडेकरू आणि काकू यांच्यात पापडांचा विषय निघाला. मध्येच कलमाचा नेमका मजकूर वाचून दाखविण्यासाठी वकीलकाका घरी पुस्तक आणायला गेले आणि पंधरा मिनिटांनी पुस्तक न मिळाल्याचे सांगत परत आले. साडेनऊला, पुरावा अपुरा असल्याने कॅमेऱ्यांची संख्या बारा करावी असा ठराव मंजूर होऊन सभा संपली.

मी घरी परतलो तर रॅकवर माझी कोल्हापुरी ठेवलेली होती. व्यवस्थित, जोडीने, टोके भिंतीकडे. सात ते साडेनऊ या वेळेत आमच्या मजल्यावर काय घडले हे सांगणारे एकमेव यंत्र त्या वेळेत सभागृहाच्या टेबलावर, तारा लोंबत, साक्ष देत होते.

मी पाय घातला. चप्पल चावली नाही. मी जिना उतरून चढून आलो, मग पार्किंगला तीन फेऱ्या मारल्या. अंगठा सैलावला होता, पट्टा पावलावर बसला होता, तळाला टाचेचा खळगा पडला होता. फक्त करकर तेवढी शाबूत होती. नऊ दिवस कोणीतरी तिला, स्वतःच्या पायाला फोड आणून, माझ्यासाठी वळण लावले होते. किंमत 2,200, वस्तू परत, आणि सामुदायिक सेवा तर शिक्षेची वाट न पाहता आगाऊच उरकलेली. आता गुन्हा उरला कोठे, हे मला समजेना.

तरीही उत्सुकता वाईट. कॅमेरा, प्रणाली, ठसे या कशाचीही गरज नसलेला एक पुरावा अजून सोसायटीतच चालत-फिरत असला पाहिजे, हे ध्यानात आल्यावर दोन दिवस मी लिफ्टमध्ये खाली मान घालून लोकांचे अंगठे पाहत राहिलो, त्यामुळे मी नम्र झालो असा माझा लौकिक झाला. फोड कोणाच्याच पायावर नव्हते. शेवटी, नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या फोडाला न्यायालयात काही किंमत असते का, हे विचारायला मी वकीलकाकांकडे गेलो. जिन्यातली करकर ऐकूनच त्यांनी दार उघडले. बाहेर 39 अंश होते, घरात पंखा गरम वारा फेकत होता, काका बनियन आणि लेंग्यावर होते, आणि पायांत त्यांनी जाड लोकरीचे मोजे घातले होते.